शुक्रवारचा रांजण

फिलू, तुझ्या फोटोखाली त्यांनी 'त्यागमूर्ती' असं लिहिलंय. फोटो आधारकार्डावरचा, मोठा करून घेतलेला. दुसरा मिळालाच नाही म्हणे. मिळणार कुठून? कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घेऊन पळायचीस. आता भोग. त्या फोटोत तू त्यागमूर्ती दिसत नाहीस, नांदुऱ्याच्या स्टेशनावर विनातिकीट पकडलेली बाई दिसतेस. मला हसू आलं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मी हसले, तर नव्या सिस्टरने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, हुंदका.

तिनेच मला हे लिहायला सांगितलंय. शाळेच्या अंकात छापणार आहेत. "आजी, फिलोमिना टीचरच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण तुम्ही. त्यांच्या सेवेबद्दल दोन शब्द लिहा ना." सेवेबद्दल लिहायला बाकीचे पुष्कळ आहेत. तू कधी लागलीस, कधी निवृत्त झालीस, ते पाटीवर कोरतील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धवट टाकून तू गेलीस, हे मला मुळीच पटलेलं नाही. छापायचं तर छापा म्हणावं, नाहीतर शेगडीत घाला.

मी त्या शाळेत आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि त्याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मी मास्तरीण झाले होते, अशी माझी समजूत होती. माळ्याची पोर. बापाचा वांग्या-मेथीचा मळा. आमच्या गल्लीत ट्रेनिंग घेतलेली पहिली मुलगी. दोन वेण्या, वेण्यांना रिबिनी, आणि पायात काळे बूट. बूट चावायचे, पण बुटांशिवाय इंग्रजी अंगात येत नाही असं मला वाटायचं. इंग्रजी तसंही चौथीपर्यंत शिकवायचं नव्हतं. पहिल्या दिवशी मी लंगडत वर्गात गेले तेव्हा तू दारातून म्हणालीस, "बाई, पादत्राणे काढा. मुले फळ्याकडे पाहत नाहीत, तुमच्या पायांकडे पाहत आहेत."

पादत्राणे! मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली तू, तुझी मराठी प्रार्थनेच्या पुस्तकातून उतरलेली. सकाळी सकाळी "कृपया दार लोटून घे" म्हणायचीस. मी म्हणायची, "काऊन वं, दाराले थंडी वाजते का?" तू हसायची नाहीस. हसू आतल्या आत गिळायचीस, मग तुझी हनुवटी थरथरायची. ती हनुवटी हलवायची, हा माझा रोजचा उद्योग.

तीन खोल्यांची शाळा, वर पत्रे. पलीकडे छोटं चर्च, मधल्या अंगणात काळ्या दगडांच्या कपारीत मारियामाता. ख्रिस्ती घरं मोजकीच. बाकी पोरं रेल्वेच्या गँगमनची, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांची, आमच्या माळ्यांची, दोनचार व्यापाऱ्यांची. सगळी सकाळी एका सुरात प्रार्थना म्हणायची. आमच्या गल्लीतल्या गण्याने एकदा घरी जेवणाआधी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली, तर त्याची आजी पदराने वारा घालायला लागली. तिला वाटलं, पोराला माश्या चावतायत.

आणि मी? मला सिस्टर व्हायचं होतं! पांढऱ्या झग्याची भुरळ पडली होती, देवाची नव्हे. घरी जाहीर केलं. आईने भाकरी थापता थापता मान वर केली नाही. "चतुर्थीले चंद्र निघेपर्यंत दम निघत नाही तुह्या पोटाले. तीनदा शेंगदाणे खातं. अन् चालली सिस्टर व्हाले!" संपलं माझं वैराग्य. तुला सांगितलं तेव्हा तुझी हनुवटी मधल्या सुट्टीपर्यंत थरथरत होती.

परदेशातून दुधाची पावडर यायची, पिवळं तेल यायचं, दलिया यायचा, आणि गाठोडी भरून जुने कपडे. मे महिन्यात आपल्याकडे ऊन मरणाचं, आणि पोरं लोकरीची कॉलर लावलेले कोट घालून विटीदांडू खेळायची. दान देणाऱ्याला आपलं ऊन माहीत नसतं. पण तुझं दान त्या गाठोड्यांतून येत नव्हतं. तुझा रांजण होता.

नव्या पोरींना हे ठाऊक नाही, म्हणून लिहिते. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत तू ही चाल सुरू केलीस, आणि पुढे ती वर्षभर दर शुक्रवारी चालली. प्रत्येक मुलाने घरून मूठभर ज्वारी आणायची, गरिबांसाठी. कोठीच्या अंधाऱ्या खोलीत एक रांजण, त्यावर कापड बांधलेलं, कापडाला हात जाईल एवढी फट. मुलांनी एकेकट्याने आत जायचं. जाताना मूठ बंद. येतानाही बंद. प्रार्थना संपेपर्यंत उघडायची नाही.

मी नवी, अतिशहाणी. दोन-तीन शुक्रवार पाहिलं. एवढी पोरं मुठी घेऊन जातात आणि रांजण आहे तिथेच. मी काय केलं? निंबाची काडी सोलून घेतली, रांजणात बुडवली, खूण केली, पुढच्या शुक्रवारी परत बुडवली. ज्वारी उलट खाली गेलेली! काडी नाचवत मी तुझ्याकडे धावले, जणू काही मी पोलिसात लागले होते.

"फिलू, चोरी होऊन राह्यली! कोणीतरी काढून राह्यलं!"

तू शिवणाच्या तासाची तयारी करत होतीस. सुईत दोरा ओवता ओवता म्हणालीस, "हो."

"हो काय? कोण हाय ते पाह्यतो का नाही आपण?"

"मूठ जाताना बंद असते. येताना बंद असते. तुला का पाहायचं आहे?"

काडी हातात धरून मी उभीच राहिले. मग डोक्यात उजेड पडला. ज्याच्या घरी आहे त्याने भरली मूठ न्यायची, रिकामी आणायची. ज्याच्या घरी नाही त्याने रिकामी न्यायची, भरून आणायची. सगळ्यांचं चालणं सारखं, सगळ्यांची मूठ सारखी. आणि एका मुठीत घरादाराचं काय भागणार, म्हणून तू शिवणाच्या तासाला सगळ्या गणवेशांना खोल खिसे शिवून घेतले होतेस. दाणेवाल्या शेठच्या पोराच्या चड्डीलासुद्धा. त्याची आई तक्रार घेऊन आली होती, पोरगं खिशात गोटे भरून आणतं म्हणून.

हे तुला सुचलं कुठून, तेही तू एकदाच सांगितलंस. आश्रमात नाताळाला पाहुणे यायचे. प्रत्येक पोरीच्या हातात बाहुली देत, फोटो काढत, "हसा" म्हणत. फोटो झाला की बाहुल्या परत पेटीत. पुढच्या फोटोसाठी. तू म्हणालीस, "मला बाहुली नको होती. पण हसले मी. ते हसणं अजून कुणाच्या तरी भिंतीवर असेल." एवढं सांगून वह्या तपासायला घेतल्यास. तुझ्यासारखी बाई मी पाहिली नव्हती, फिलू. मी तुझ्यामागे कोकरासारखी फिरायची. शिकवणं म्हणजे काय, ते मला ट्रेनिंगमध्ये नाही, त्या कोठीच्या दारात कळलं.

म्हणूनच तर राग जात नाही.

चौथीत सुंदरा होती. आठवते ना? विचारते काय मी, तूच मरेपर्यंत तिचं नाव घ्यायला भीत होतीस. बाप सोडून गेलेला, आई जिनिंगमध्ये, डोक्यात कायम कापसाचे पुंजके. मागे दोन धाकटी भावंडं. सुंदरा प्रार्थना सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत बेसूर म्हणायची. शुक्रवारी कोठीतून बाहेर यायची ती अशी तोऱ्यात, की शेठचं पोरगं तिच्यापुढे भिकारी वाटावं. मूठ छातीशी, मान वर. खिसा जड. मला कळायचं, तुला कळायचं. भरल्या मुठीचं मनगट वेगळं दिसतं. आपण दोघी मारियामातेकडे बघत उभ्या राहायचो.

मग ते पाहुणे आले. पावडर पाठवणारे, कपडे पाठवणारे. साधी माणसं होती, वाईट नव्हती. घामाने निथळत होती, आणि सगळ्यांना 'नमस्ते, नमस्ते' करत होती. आपले फादरही वाईट नव्हते. पाहुण्यांना फोटो हवा होता, घरी दाखवायला. फादर तुझ्याकडे वळून म्हणाले, "फिलोमिना, जी मुलं खरोखर गरजू आहेत, तेवढीच पुढे उभी कर."

मी तुझ्या शेजारी होते. मला वाटलं, तू आता म्हणशील, सगळीच. नाहीतर म्हणशील, कुणीच नाही. नाहीतर पदर तोंडावर घेऊन पळशील. तू एक श्वास घेतलास आणि नावं घ्यायला लागलीस. एकेक. तुझ्या त्या छापील आवाजात, हजेरी घ्यावी तशी. तिसरं की चौथं नाव सुंदराचं.

पोरं मारियामातेपुढे ओळीत उभी राहिली. हातात पावडरीचे पेले. कुणीतरी म्हणालं, "हसा." सुंदरा हसली, फिलू. मी तुझ्याकडे पाहिलं, तू खाली जमिनीकडे पाहत होतीस.

दुसऱ्या दिवशी शेठच्या पोराने वर्गात हात वर केला. खोडी नव्हती त्याच्या मनात, हिशेब लागत नव्हता एवढंच. "बाई, सुंदरी गरीब हाय, मंग ते शुक्रवारी रांजणात काय टाके?"

सगळ्या माना हळूहळू वळल्या, आणि त्या सुंदराकडे वळल्या नाहीत, तिच्या खिशाकडे वळल्या.

पुढच्या शुक्रवारी ती आली. खिसा उसवून टाकला होता. झग्यावर दोऱ्याची भोकं तेवढी दिसत होती. मूठ बंद करून आत गेली आणि बाहेर आली ती तळहात उघडा करून. रिकामा. तो तळहात तिने सगळ्यांना दाखवला, हात उंच धरून, शेवटच्या रांगेलाही दिसावा असा. घरातली ज्वारी आणून टाकली होती तिने. त्या दिवशी भावंडांनी काय खाल्लं, ते तुझ्या देवाला माहीत. सोमवारी आली नाही. तू शोधत गेलीस तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गेल्या बाई त्या, अकोल्याकडं का कुठं." नंतर कधी कुणाच्या दृष्टीस पडली नाहीत.

आणि रांजण भरायला लागला. आता कुणीच मूठ रिकामी नेईना. ज्यांच्या घरी नव्हतं ती पोरंही शेजारून मागून आणायची, आणून टाकायची. पहिल्यांदाच रांजण काठोकाठ भरला. फादर खूश! रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी त्यांनी सांगितलं, मुलांमध्ये दानाची भावना कशी वाढीला लागली आहे पाहा. मी मागे बसून ऐकत होते. कापड सोडलं तेव्हा ज्वारीला जाळी धरली होती, सोंडे वळवळत होते. तुझा रांजण कोंबड्यांनी खाल्ला. मग त्यात प्यायचं पाणी भरायला लागलो.

कापड सोडलं त्या संध्याकाळी तुझ्या खोलीत मी जे बोलले त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही.

"तू काऊन सांगतलं वं? काऊन?"

"फादरनी विचारलं. त्यांच्यापुढे मी असत्य कशी बोलू?"

"असत्य नोको बोलू. गप राह्य! मुकी हो! चक्कर आली म्हण, पड तिथंच!"

"जाणून गप्प राहणं, तेही असत्यच."

"मंग शुक्रवारचं काय व्हतं, बाई? रिकामी मूठ झाकून चालनं, हे काय सत्य व्हतं? ते तूच त शिकवलं लेकरायले! तवा नाही आठवला तुहा देवबाप्पा?"

तुझ्या त्या छापील पुस्तकात ह्या प्रश्नाचं पानच नव्हतं. तू म्हणालीस, "मला विचार करू दे."

कर. केलास ना. म्हातारपण आलं तरी चालूच होता तुझा विचार. माझं लग्न झालं, पोरं झाली, सुना आल्या. दर नाताळाला मी तुझ्याकडे, दर दिवाळीला तू माझ्याकडे. करंजी तोंडात असताना मी विचारायची, "झाला का विचार?" तू म्हणायचीस, "करते आहे." तेवढं सोडून आपण सगळं बोललो. माझ्या नवऱ्याच्या विड्या, तुझे गुडघे, कोणती नवी टीचर पोरांना मारते. रडायचो, हसायचो. आणि मधोमध तो सोंडे पडलेला रांजण.

एकदा 'चुकलं' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? माझ्यापुढे म्हणायचं नव्हतं, तर पापाची कबुली देतात त्या जाळीच्या खिडकीमागे फादरपुढे तरी म्हणालीस का? तेही मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं, की सुंदरा गेली त्या दिवसापासून तू कुणाकडून काही घेणं बंद केलंस. साधी वांग्याच्या भरिताची वाटी नाही. मी डबा पाठवायची आणि डबा रिकामा परत यायचा नाही. कधी त्यात पेरू, कधी बिस्किटं, कधी दोन लिंबं. माझंच भरीत चवीपुरतं ठेवून वर काहीतरी मला परत. निवृत्त झालीस, गुडघे गेले, मी म्हटलं, "चाल माह्या घरी. खोली रिकामी हाय." तू म्हणालीस, "पाहू." सुनेने जुनं पण उबदार स्वेटर दिलं तर दुसऱ्या दिवशी ते तुझ्या शेजारच्या म्हातारीच्या अंगावर. लोक म्हणाले, किती ही विरक्ती! मला विरक्ती दिसली नाही, फिलू. मला उसवलेला खिसा दिसला.

तुला वाटलं असेल, हे प्रायश्चित्त. त्याने सुंदराचा खिसा परत शिवला गेला का? तू फक्त आम्हाला उपाशी ठेवलंस. द्यायचं होतं ते सगळं माझ्यापाशी पडून राहिलं, आणि पडून राहिलेल्याचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलेलं आहे.

मागच्या नाताळाला तू खिडकीशी बसली होतीस. पोरं अंगणात ओरडत होती. मी काही विचारलं नव्हतं. तूच म्हणालीस, "ती आता आजी झाली असेल, नाही?" मी लगेच म्हणायला हवं होतं, कोण, सुंदरा? पण मी करंजीचा तुकडा तोडत राहिले, मला वाटलं पुढे बोलशील. तू म्हणालीस, "करंजी छान झालीय." मेलं सारण.

शेवटचा डबा परत आला तो रिकामा. स्वच्छ धुतलेला, रिकामा. आत पेरू नाही, लिंबू नाही, काही नाही. मी सुनेला हाक मारली, "पाह्य वं, घेतलं बाईनं! खाल्लं सगळं!" ह्या वयात मी स्वयंपाकघरात दोन पावलं नाचले. मला वाटलं, झाला विचार. कसली शहाणी मी! वय वाढलं, पण काडी बुडवून पाहायची खोड गेली नाही.

मातीच्या दिवशी दफनभूमीत एक पांढऱ्या केसांची बाई ओक्साबोक्शी रडत होती. ओळखीची नाही. वय जुळत होतं. काठी टेकत, सुनेचा हात सोडवत मी तिच्यापर्यंत गेले. "माय, तू कोन? नाव काय तुह्यं?"

"म्या ताराबाई. सिस्टर लोकायच्या घरी सैपाक करतो, आजी. टीचरकडंबी जात व्हतो."

सुंदरा नाही. सुंदरा कशाला येईल? अशी यायला काय ही गोष्ट आहे? ताराबाई डोळे पुसत म्हणाली, "लई देवमानूस व्हतं हो. शेवटी शेवटी त घास उतरत नव्हता, तरी तुमचा भरताचा डबा आला त मले बलावून म्हने, तुझ्या नातवांना दे. लेकरायनं बोटं चाटून खाल्लं."

म्हणजे तेही वाटून टाकलंस. शेवटचा घाससुद्धा माझा घेतला नाहीस. तुझ्या शवपेटीपाशी उभी राहून मी तुला जी शिवी दिली ती सिस्टरला कळली नाही. केरळची आहे, वऱ्हाडी अजून येत नाही तिला. तू ऐकली असशील तर तुझी हनुवटी हलली असेल.

फादरची प्रार्थना झाली. मग सगळे एकेक करून पुढे गेले, ढिगातून मूठभर माती घेतली, खड्ड्यात टाकली. तुझे जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले. शेठचं पोरगंही होतं, काठी घेऊन. त्याने टाकली. ताराबाईने टाकली. माझी पाळी आली. मी वाकले, मूठ भरली. थंड होती माती. काठाशी गेले, हात पुढे केला, तुझ्यावर धरला, किती वेळ धरला माहीत नाही. पाठीमागे रांग थांबली होती. मग वळले. मूठ बंद.

परत येताना रिक्षात सुनेने विचारलं, "आई, माती टाकली ना तुम्ही?"

"हाव," मी म्हटलं.

मूठ घरी येईपर्यंत उघडली नाही. जाताना बंद, येताना बंद. नियम तुझाच आहे. टाकली की आणली, ते तुला सांगायची नाही. बस आता विचार करत.